कुठली खोली गरम ठेवायची?

आमच्या मंडळाचा गणपती इथे अमेरिकेत, ट्रॉय गावातल्या एका शाळेच्या सभागृहात बसतो. आरती संपून प्रसादाची रांग लागली की कुणीतरी मोदकाची प्लेट घेऊन माझ्याजवळ येतं आणि विचारतं, "मेधाताई, घरी हीट पंप लावायचाय. कुठली कंपनी बेस्ट?" चप्पल घेताना माणूस आधी पाय पुढे करतो. हीट पंप घेताना मात्र नुसतं कंपनीचं नाव विचारतो. पूर्वी मी उलटा प्रश्न करायचे, "तुमच्याकडे कोण कुठल्या खोलीत झोपतं?" लोक हसायचे. काहींना रागही यायचा. आता मी विचारत नाही. कंपनीचं नाव सांगते आणि मोदक खाते.

मी मूळची सांगलीची, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिशिगनला आले. मला कामाची परवानगी मिळाली तेव्हा गाड्यांच्या कंपन्या माणसं काढत होत्या. म्हणून घरांना हीटिंग आणि एसी बसवणाऱ्या एका छोट्या दुकानात फोन घ्यायला लागले. दुकानाचे मालक वॉल्ट, सत्तरीला टेकलेले, तोंडाचे फटकळ. डिप्लोमा आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्या हातात टेप आणि टॉर्च ठेवला आणि आपल्याबरोबर न्यायला सुरुवात केली. पुढे मी एकटी जायला लागले. घरात शिरायचं, भिंती आणि खिडक्या मोजायच्या, माळ्यावर इन्सुलेशन किती आहे ते बघायचं आणि कडाक्याच्या थंडीत त्या घरातून किती ऊब बाहेर गळते ते काढायचं. भोकं पडलेल्या बादलीत पाणी कमी होऊ द्यायचं नसेल तर किती ओतत राहावं लागेल, असा हा हिशेब. वॉल्ट म्हणायचे, "मशीन सगळ्यांत शेवटी बघ. आधी घर बघ, मग माणसं बघ."

हीट पंप म्हणजे आपला स्प्लिट एसीच, फक्त उलटाही चालणारा. उन्हाळ्यात आतली उष्णता बाहेर टाकतो, हिवाळ्यात बाहेरची उष्णता आत ओढतो. बाहेर बर्फ असताना उष्णता कुठली, असं सगळे विचारतात. असते, गोठलेल्या हवेतही असते. पण थंडी वाढेल तशी ती ओढणं कठीण होत जातं. म्हणजे घराला ज्या दिवशी सर्वांत जास्त ऊब लागते, नेमकी त्याच दिवशी मशीनची ताकद सर्वांत कमी असते. जाहिरातीतला आकडा मात्र बऱ्या हवेतला असतो. त्यामुळे इथे मशीन घेताना हाडं गोठवणाऱ्या थंडीत ते किती देतं, एवढंच विचारायचं.

दुसरी गोष्ट मल्टी-झोनची. बाहेर एकच मोठं युनिट आणि त्याला जोडलेली आत चार-पाच हेड्स, म्हणजे भिंतीवरचे पंखे, प्रत्येक खोलीत एक. दिसायला सुटसुटीत. पण एकाच खोलीला जराशी ऊब हवी असली तरी बाहेरचं ते मोठं धूड सुरू होतं. त्याला फार हळू चालता येत नाही. वाटीभर वरणासाठी पंगतीचं पातेलं चढवल्यासारखं होतं ते. सुरू होतं, बंद पडतं, पुन्हा सुरू होतं. शिवाय बाहेरचं युनिट बिघडलं की सगळं घर एकदम गार. म्हणून वॉल्ट शक्यतो दोन-तीन सुटी मशीन लावत आणि घर तापवणारी जुनी गॅसची भट्टी चालू स्थितीत असेल तर ती काढू देत नसत. "तिला झोपू दे तळघरात," म्हणायचे, "एक दिवस उठवावं लागेल."

कोण कुठे झोपतं हा प्रश्न मी त्यांच्याकडूनच उचलला. त्याची उत्तरं कधीकधी नको इतकी मिळायची. एका घरी बाई म्हणाल्या, "मास्टर बेडरूममध्ये आम्ही दोघं." नवरा म्हणाला, "मी बेसमेंटमध्ये झोपतो, तिथंही हेड लागेल." मग मी छताची उंची दोनदा मोजली. दुसऱ्या एका गृहस्थांना जानेवारीत आपल्या कॉम्प्युटरच्या खोलीत थंडावा आणि बाकी घरात ऊब हवी होती. एका साध्या बाहेरच्या युनिटवर दोन्ही एकदम होत नाही, म्हटल्यावर ते म्हणाले, "पण मी व्हिडिओमध्ये बघितलंय." ते वेगळं, मोठ्या इमारतींचं मशीन होतं. ते रुसून दुसऱ्या कंपनीकडे गेले आणि तिथून त्यांना 'होय' मिळालं. पुढे काय झालं ते कळलं नाही. 'होय' म्हणणारा सापडतोच.

वॉल्टचे गुडघे गेले, तेव्हा त्यांनी दुकान एका मोठ्या समूहाला विकलं आणि ते फ्लोरिडाला निघून गेले. नव्या लोकांनी गाड्या रंगवल्या, आम्हाला एकसारखे शर्ट दिले आणि कामाचे तुकडे केले. मोजणारे वेगळे, विकणारे वेगळे, बसवणारे वेगळे. मी मोजणाऱ्यांत. मोजणी झाली की मी पुन्हा साइटवर जायचं नाही, 'त्यानं कामाला उशीर होतो' असा नियम. आणि दर घरामागे शक्यतो मल्टी-झोन विकायचं, कारण प्रत्येक खोलीत हेड म्हटलं की गिऱ्हाईक खूश होतं.

त्याच सुमारास नितीनचा फोन आला. नितीन मंडळातला. सॉफ्टवेअरमध्ये, स्वभावानं चांगला, कुणाचंही सामान उचलायला पहिला पुढे येणारा. त्याची बायको रेवती घरूनच काम करायची. मुलगी नुकतीच कॉलेजला गेलेली. आणि आई, शैलाकाकू, अकोल्याच्या एका शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. काका गेल्यावर तिथला फ्लॅट विकून त्या कायमच्या इकडे आल्या होत्या. घर जुनं, विटांचं. तळघरात बॉयलर आणि खोल्याखोल्यांत गरम पाण्याचे लोखंडी रेडिएटर. असल्या घरात हवेचे डक्ट नसतात, म्हणून ही भिंतीवरची मशीन तिथे बरी पडतात.

घराच्या मागच्या अंगाला एक काचेचा व्हरांडा होता. पूर्वीच्या मालकानं तो बंद करून त्याची खोली केली होती. काकू तिथे राहायच्या. तीन बाजूंना एकेरी काच, खाली फरशीत कसलंच इन्सुलेशन नाही. मी आत गेले तेव्हा काकूंनी रेडिएटरवर वर्तमानपत्र पसरून सांडगे वाळत घातले होते.

"काहून इतकं मोजून राहिलीस बाप्पा?" त्या म्हणाल्या. "खोली एवढीशी तर आहे."

"एवढीशी आहे, पण सगळ्यांत जास्त ऊब हीच खाते, काकू. रात्री थंडी वाजत असेल ना?"

"दोन स्वेटर घालते मी. अकोल्याचं ऊन अंगात मुरलंय अजून, ते पुरवून पुरवून वापरते."

"वर नातीची खोली रिकामी आहे. तिथं जा ना. ती चांगली उबदार आहे."

काकूंनी उठून बागेकडचं दार उघडलं. बाहेर तीन पायऱ्या आणि पलीकडे शेजारच्या घरापर्यंत गेलेली पायवाट होती. "हे दार माझं आहे," त्या म्हणाल्या. "पुढच्या दारानं निघालं की रेवती मीटिंगमधून उठते. कुठं चाललात, बूट घातले का, फोन घेतला का. तिचंही बरोबर आहे, काळजीनं विचारते. पण मी चाळीस वर्षं शाळा चालवली गं. या दारानं मी डोरोथीकडे जाते आणि येते. कुणाला सांगावं लागत नाही."

डोरोथी म्हणजे शेजारची म्हातारी, नवरा गेलेली. काकूंचं इंग्रजी शाळेतलं आणि डोरोथीचे कान गेलेले, पण दोघी रोज सकाळी एकत्र चहा प्यायच्या.

मी माझा आराखडा केला. आधी काचेची खोली नीट करा: काचा बदला किंवा दोन बाजूंना भिंती घ्या, फरशीखाली फोम भरा. मग त्या खोलीला तिचं स्वतःचं एक छोटं मशीन. खालच्या मोठ्या हॉलला दुसरं, वरच्या मजल्याला तिसरं. आणि बॉयलर राहू द्या.

नितीननं तो शांतपणे वाचला. त्यानं स्वतः खूप अभ्यास केला होता, माझे आकडे त्याला नीट कळत होते.

"ताई, टेक्निकली यू आर राइट," तो म्हणाला. "पण बॉयलर गेला की बेसमेंट मोकळं होतं. रेडिएटर गेले की भिंती मोकळ्या. आणि घराच्या बाहेर तीन-तीन डबे? रीसेलला कसं दिसेल ते?"

"आणि आईंची खोली?"

"तिथं हेड देतोच आहोत की. सगळ्यांत मोठं हेड देऊ. इन्सुलेशनचं नंतर बघू. एकदम सगळं तोडफोड नको."

रेवती म्हणाली, "मी तर म्हणते आईंनी वरच यावं. त्याच ऐकत नाहीत."

काकू पोळ्या लाटत होत्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

आमच्या विक्रेत्यानं दुसऱ्याच दिवशी पाच हेड्सचं मल्टी-झोन विकलं. एक हेड कॉलेजला गेलेल्या मुलीच्या बंद खोलीतही. मी एकाच गोष्टीवर अडून बसले, ती म्हणजे बाहेरचं युनिट कुठे ठेवायचं. हिवाळ्यात या युनिटवर बर्फ चढतो. तो उतरवायला मशीन अधूनमधून स्वतःलाच गरम करून घेतं, त्याला डिफ्रॉस्ट म्हणतात. बर्फ वितळतो, पाणी खाली पडतं आणि जमिनीवर पुन्हा गोठतं. त्यामुळे युनिट उंच स्टँडवर, माणसांच्या वाटेपासून दूर हवं. मी ते गॅरेजच्या भिंतीशी सुचवलं. नितीनला हे पटलं. "आईच्या पायऱ्यांजवळ नको, अगदी बरोबर," असं तो स्वतः म्हणाला. नकाशावर तसं आलं.

ऑक्टोबरात काम झालं. पूर्ण झाल्याचे फोटो ऑफिसात आले आणि मी स्क्रीनकडे बघतच राहिले. युनिट काकूंच्या दाराशी होतं, पायऱ्यांना खेटून, बुटक्या स्टँडवर. गॅरेजपासून पाचही खोल्यांना पाइप न्यायचे तर लांब पडत होतं आणि पुढच्या भिंतीवर ते दिसले असते. बसवणाऱ्यांनी नितीनला फोन केला. तो कसल्याशा कॉलवर होता. तो म्हणाला, "व्हॉटेव्हर वर्क्स." त्यांना जे सोपं, ते वर्क झालं.

मी मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, "गिऱ्हाइकानं मान्य केलंय. आता हलवलं तर खर्च कुणाचा?" मी नितीनला फोन केला.

"अरे, ते दाराशी आलं कसं?"

"हो ताई, मीही संध्याकाळी बघितलं. पण आता पाइप भिंतीतून गेलेत, ड्रायवॉल लावून भिंत बंद झालीय. मी पायऱ्यांवर रोज बर्फ वितळवायचं मीठ टाकत जाईन ना."

मग मी काकूंना भेटले. हिवाळाभर हे दार वापरू नका, म्हणून विनवलं.

"मग मी कुठून जाऊ?"

"पुढच्या दारानं."

"बरं," त्या म्हणाल्या. ज्या सुरात शाळा तपासायला आलेल्या साहेबाला 'बरं' म्हणतात, त्या सुरात.

नितीननं मीठ टाकलंही. डिसेंबरभर टाकलं. जानेवारीत त्याला ऑफिसच्या कामासाठी टेक्ससला जावं लागलं. त्या आठवड्यात कडाका पडला. मशीन सारखं डिफ्रॉस्ट करत होतं, पायऱ्यांवर पाण्याचे थर गोठत होते आणि वरून भुरभुर बर्फ पडून सगळं पांढरंशुभ्र दिसत होतं. काकू डब्यात थालीपीठं घेऊन डोरोथीकडे निघाल्या. पहिल्याच पायरीवरून घसरल्या. रेवती वरच्या मजल्यावर कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. डोरोथी चहाची वाट बघत खिडकीशी बसलेली होती, तिनं पाहिलं आणि अँब्युलन्सला फोन केला. ऐकू येत नसल्यानं समोरचा काय विचारतोय ते तिला कळेना. ती फक्त पत्ता ओरडत राहिली.

खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मग रिहॅब, मग नर्सिंग होम. घरात खालच्या मजल्यावर न्हाणीघर नव्हतं आणि काकूंना जिना चढणं शक्य नव्हतं. दोघांच्या नोकऱ्या. "टेम्पररी आहे," नितीन सगळ्यांना सांगायचा. त्याचा चेहरा उतरलेला असायचा, खोटं सांगणार नाही. रेवती एकदा मंडळाच्या कार्यक्रमात बाथरूममध्ये माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. "मी हेडफोन का घातले होते, मेधाताई?" म्हणाली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. त्या घरात माणसं वाईट नव्हती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं, चार शिव्या देऊन मोकळी झाले असते.

ऑफिसात मी म्हटलं, आता तरी ते युनिट हलवा. मॅनेजर उठला, केबिनचं दार लावलं आणि म्हणाला, "याबद्दल ईमेल लिहू नकोस. काही बोलायचं असेल तर फोनवर बोल." मी फ्लोरिडाला वॉल्टना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नावसुद्धा माझं राहिलं नाही त्या दुकानाला, मेधा. मी काय करू?"

नर्सिंग होममध्ये मी काकूंना भेटायला जायचे. तिथे सगळ्या इमारतीला एकच सेंट्रल हीटिंग. खोली इतकी तापलेली असायची की मी कोट काढून ठेवायचे. काकू पातळ सुती साडीत बसलेल्या असायच्या. एकदा विचारलं, "फार गरम होतं का? सांगू का त्यांना?"

"राहू दे. अकोल्यासारखं वाटतं." मग म्हणाल्या, "पण इथली दारं विचित्र आहेत बघ. मी परवा वॉकर घेऊन त्या टोकाच्या दाराशी गेले. नुसता हात लावला, तर भोंगा वाजला. तीन नर्स धावत आल्या. कुठं चाललात, कुठं चाललात. मी म्हटलं, कुठं नाही गं बायांनो, दार बघत होते."

डोरोथीला तिचा मुलगा दोनदा घेऊन आला होता. नंतर तिलाही त्यानं आपल्या गावी नेलं.

"घरी गेल्यावर मी वर राहीन, नातीच्या खोलीत," काकू म्हणाल्या. "रेवतीला सांगितलंय मी. आता हट्ट नाही करायचा." त्यांनी हे मला पुनःपुन्हा सांगितलं, प्रत्येक भेटीत. शाळेतली ताठ बाई, पण सुनेला कबूल केलेली गोष्ट अशी सांगत होती, जणू तेवढ्यावर सुटका होणार होती. दिवाळीच्या थोडं आधी त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्या गेल्या. ट्रॉयमधल्याच एका फ्यूनरल होममध्ये सगळं झालं. गुरुजी ऑनलाइन होते, मधेच त्यांचा आवाज तुटत होता.

त्याच हिवाळ्यात माझ्या निवृत्तीच्या जरा आधी सर्व्हिसच्या यादीत नितीनचा पत्ता आला. तक्रार अशी होती: एक हेड रिमोटवर बंद ठेवूनही खोली गरम राहते. तंत्रज्ञ जाणारच होता, पण मीही गाडीत बसले. नियम मोडला म्हणून मला आता कोण काढणार होतं?

नितीननं दार उघडलं आणि आम्हाला मागे नेलं. मी काचेच्या खोलीच्या उंबऱ्यावरच थांबले. काचा नव्हत्या. दोन बाजूंना जाड भिंती, तिसरीकडे नवी तिहेरी काचेची खिडकी. खाली लाकडी फरशी, तिच्यावर दोन योगा मॅट. मी भिंतीवर हात ठेवला. मिशिगनच्या जानेवारीत बाहेरची भिंत इतकी कोमट लागत होती, म्हणजे काम चांगलं झालं होतं.

"हे कधी केलंत?" मी विचारलं.

"समरमध्ये," नितीन म्हणाला. "रेवतीच्या पाठीचा त्रास वाढला होता, तिला योगाला जागा हवी होती. फरशीखाली फोम भरला, भिंती घेतल्या. तुम्हीच सजेस्ट केलं होतं ना, ताई? यू वेअर राइट. खूप फरक पडतो."

समरमध्ये काकू होत्या, नर्सिंग होममध्ये. मला वरची खोली चालेल, असं सांगत होत्या.

तंत्रज्ञानं हेड उघडून पाहिलं, दाब तपासले, माझ्याकडे बघून मान हलवली. समजावून सांगायचं माझ्यावर आलं. मी म्हटलं, "बिघाड नाही. मल्टी-झोनमध्ये असंच असतं. इतर खोल्यांची हेड्स चालू असताना बंद हेडमधूनही थोडा गरम गॅस फिरत राहतो. पूर्वी ही खोली ते सगळं गमावून बसायची. आता इथली ऊब बाहेर जातच नाही."

"म्हणजे ही खोली पूर्ण बंद होणारच नाही?"

"नाही. कुणी असलं-नसलं तरी थोडी गरम राहणारच."

नितीन मॅटच्या कडेला उभा राहिला. त्यानं त्या हेडकडे बघितलं. "आई होती तेव्हा ती दोन स्वेटर घालायची इथं," तो म्हणाला. प्रश्न नव्हता तो. मग त्यानं खिशातला फोन काढला, परत ठेवला आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

तंत्रज्ञानं टॅबलेट माझ्यापुढे धरला. मी 'दोष आढळला नाही' या ओळीवर खूण केली आणि तो नितीनकडे दिला.